पौंडांतल्या पेन्शनींसाठी २२४ कोटी एकरकमी: १९४८ चा सौदा बरोबर होता का?

जमाखर्च
जुलै १९४८ मध्ये अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी लंडनला करार करून आले. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनींपोटी भारताने १६ कोटी ८० लाख पौंड, म्हणजे २२४ कोटी रुपये, एकदम मोजले आणि ब्रिटिश सरकारकडून ६० वर्षं उतरत जाणारी ॲन्युइटी, म्हणजे एकरकमी पैशाच्या बदल्यात दरवर्षी मिळणारी ठरावीक रक्कम, घेतली. हा पैसा युद्धात इंग्लंडला पुरवलेल्या मालाच्या थकबाकीतला. त्याच युद्धकाळात बंगालमध्ये माणसं अन्नावाचून मेली! माझं मत स्पष्ट आहे: दरवर्षीचं देणं दरवर्षी द्यायचं होतं. पेन्शनर घटतील तसं ओझं आपोआप उतरलं असतं.

कृष्णाकाठ
निदान विधवा-मुलांच्या पेन्शनीला यात ओढू नका. त्यांच्यासाठी वेगळे निधी होते आणि त्यात अधिकाऱ्याच्या पगारातून वर्गणी कापली जायची. म्हणून तर १९३५ च्या भारत सरकार कायद्यात कलम २७३ घालून हे निधी लंडनमधल्या आयुक्तांकडे सोपवायची सोय केली, आणि ज्याला ते नको त्याला हरकत घ्यायची मुभाही दिली. नवरा गेलेल्या बाईचा घास राज्य बदललं म्हणून काढून घ्यायचा?

जमाखर्च
घास काढा असं मी म्हटलेलं नाही. पण तो पगार इथल्या शेतसाऱ्यातूनच जायचा ना? दादाभाई नौरोजींनी पेन्शनी संपत्तीच्या निःसारणात, म्हणजे देशाबाहेर वाहून जाणाऱ्या पैशात, धरल्या त्या उगाच नाही.

कोष्टक
माझं आयुष्य विमागणितात गेलं, म्हणून हिशेबाचं बोलतो. कुटुंब पेन्शनीचं मूल्यांकन साध्या पेन्शनीपेक्षा किचकट. अधिकारी कधी जाईल, बायको किती लहान, ती पुन्हा लग्न करेल का, मुलं किती वर्षं अवलंबून राहतील, सगळं धरावं लागतं. तरी यातल्या चुका दर काही वर्षांनी तपासणी केली की सावरता येतात. एकरकमी सौद्यात ती सोय नाही, आणि तिथे सगळ्यात भारी पडतो व्याजदर. १९४८ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा दर होता २ टक्के. व्याज कमी तितकी ॲन्युइटी महाग, कारण तेवढीच वार्षिक रक्कम मिळायला आधी जास्त पैसे भरावे लागतात. सप्टेंबर १९५७ मध्ये तोच दर ७ टक्के झाला. म्हणजे आपण ती अगदी महागात घेतली.

कृष्णाकाठ
५७ चा दर ४८ साली कुणाला दिसत होता? शिवाय ती थकबाकी आपल्या हातात मोकळी कुठे होती? इंग्लंड ती हप्त्याहप्त्याने सोडत होतं, आणि ती कापून टाका म्हणणारे चर्चिलसारखे लोक तिथे होते. अडकलेल्या पैशातून पक्कं देणं मिटवलं, हे मला शहाणपणाचं वाटतं.

कोष्टक
हा मुद्दा मान्य. ॲन्युइटीही पौंडांत आणि पेन्शनीही पौंडांत, त्यामुळे पौंडाच्या १९४९ च्या अवमूल्यनाचा या हिशेबाला धक्का लागला नाही, हेही तुमच्या बाजूने.

जमाखर्च
अडकलेला पैसा हे पटलं. किंमत पटली नाही. पैसा आपला, पण तो अडकवून ठेवणारे इंग्रज आणि ॲन्युइटी विकणारेही तेच. अशा वेळी व्याजदरावर तरी अडून बसायला हवं होतं.