स्विमिंग पूलचं पाणी रोज दोन सेंमी उतरतंय, गाळही परत येतोय. टाइल्स काढायलाच हव्यात का?

उसाकडेचा_पूल
ठिकाण कोल्हापूर, पन्हाळा रस्त्याकडे, तिन्ही बाजूंनी ऊस. आरसीसी पूल, ८ मीटर × ४ मीटर, खोली १.२ ते १.५ मीटर, आत टाइल्स. ६०० मिमीचा सँड फिल्टर, १ एचपी पंप, रोज ८ तास चालतो. पाणी दिवसाला जवळजवळ २ सेंमी उतरतं. व्हॅक्यूम मारला की दोन दिवसांत तळाला पुन्हा तपकिरी गाळ, तोही इनलेटसमोरच (गाळलेलं पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडासमोर) जास्त. पंप सुरू केला की पहिले काही सेकंद इनलेटमधून ढग आल्यासारखं दिसतं. कंत्राटदार म्हणतो, पूल रिकामा करून सगळ्या टाइल्स काढा, वॉटरप्रूफिंग नव्याने करा, जूनपर्यंत उरकतो. करावं का?

प्लँटरूम
आधी मोजा, मग फोडा. तुमच्या पूलला १ सेंमी म्हणजे ३२० लिटर. मात्र उतरलेलं सगळं पाणी गळतीचं नसतं; आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ५ ते ८ मिमी नुसती वाफ होते.

बादली लावा. प्लॅस्टिकच्या बादलीत पूलचंच पाणी घ्या, तळाला दगड ठेवा आणि पायरीवर अशी बसवा की आतली पातळी बाहेरच्या पातळीला जुळेल. दोन्हीकडे पेन्सिलने खूण करा. भरणीचा नळ किंवा फ्लोट बंद, पोहणंही बंद. पहिले २४ तास पंप नेहमीसारखा चालवा. दुसऱ्या दिवशी खुणा नव्याने करून २४ तास पंप पूर्ण बंद. बादलीतली घट म्हणजे वाफ, त्यावरची जास्तीची घट म्हणजे गळती. पंप चालू असताना गळती वाढली तर दोष पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला. दोन्ही दिवशी सारखीच असेल तर पूलची टाकीच, स्किमरचा (वरचा कचरा ओढणाऱ्या तोंडाचा) सांधा किंवा लाइटचा कंड्युट (वायरची नळी). पंप बंद असताना वाढली तर सक्शनची (पूलकडून पंपाकडे येणारी) लाइन बघायची.

हिरवं_पाणी
गाळ बहुतेक मेलेलं शेवाळ असणार. दणकून क्लोरीन मारा, दोन दिवसांत जाईल.

प्लँटरूम
न बघता दणकून काही मारू नका. इनलेटसमोरचा चमचाभर गाळ पांढऱ्या वाटीत घ्या आणि थोडं लिक्विड क्लोरीन घाला. रंग उडाला तर शेवाळ, तसाच राहिला तर माती. बोटात चोळल्यावर कचकच लागली तर ती फिल्टरची वाळू, म्हणजे आतलं लॅटरल (वाळूखालची जाळीदार नळी) तुटलंय. काळे हलके कण तरंगत असतील तर काजळी; गाळपाच्या हंगामात पाचट पेटलं किंवा जवळ गुऱ्हाळ असलं की ती येणारच. बोअरच्या पाण्यात लोह असलं तरी तपकिरी थर बसतो. बादलीभर बोअरच्या पाण्यात क्लोरीन टाकून रात्रभर ठेवा, सकाळी रंग बघा.

उसाकडेचा_पूल
आकडे आले. पंप चालू: बादली ६ मिमी, पूल १९ मिमी. पंप बंद: बादली ६, पूल ८. गाळाचा रंग क्लोरीनने उडाला नाही, कचकच नाही. बोअरचं पाणी सकाळी स्वच्छच होतं. पंप-फिल्टरची खोली (प्लँटरूम) कोरडी ठणठणीत, एक थेंब नाही.

वॉशर_आणि_वायसर
मग टाइल्सना हात लावू नका. पंपामुळे वाढलेली घट ११ मिमी, म्हणजे ८ तासांत ३५२ लिटर, तासाला ४४. एवढं पाणी जाऊन प्लँटरूम कोरडी असेल तर पहिला संशय मल्टीपोर्ट व्हॉल्व्हच्या (फिल्टरवरच्या, हँडलने पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हच्या) स्पायडर गॅस्केटवर, म्हणजे आतल्या चाकाच्या आऱ्यांसारख्या रबरावर. ते फाटलं किंवा खाचेतून उठलं की दोन्ही तक्रारी एकदम येतात. काही पाणी वेस्टच्या (घाण पाणी बाहेर सोडायच्या) पाइपातून बाहेर जातं, आणि काही फिल्टरला वळसा घालून गाळासकट परत पूलमध्ये. वेस्टचं तोंड बागेत किंवा चेंबरमध्ये असतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पाणी न घालता केळी माजल्या असतील तर तिकडे जाऊन बघाच.

खात्री सोपी आहे. हँडल फिल्टरवर, पंप चालू, वेस्टच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि पंधरा मिनिटं थांबा. भरली तर गॅस्केट गेलंच.

बदलताना पंपाचा मेन स्विच बंद, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद, फिल्टरचा दाब सोडून द्यायचा. झाकण आणि बॉडीवर मार्करने एक सरळ रेघ मारा, नाहीतर झाकण फिरून बसतं आणि ‘फिल्टर’ लिहिलेल्या जागी बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने वाळू धुणं) होतो. स्प्रिंग उसळते, झाकण दाबून धरा. जुनं गॅस्केट काढून खाच पूर्ण खरवडा. राहिलेल्या गोंदाच्या एका गाठीवरही नवं गॅस्केट उचलतं. नवं घेताना व्हॉल्व्हचा मेक आणि साइज सांगा, दीड इंची आणि दोन इंचीचं वेगळं असतं. झाकणाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच. व्हॅसलीन किंवा ऑइलने रबर फुगतं. स्क्रू हाताने, समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. ड्रिल लावलं की प्लॅस्टिक तडकलंच म्हणून समजा.

हे फाटतं का, तर पंप चालू असताना हँडल फिरवलं म्हणून. दहापैकी नऊ घरांत माळी किंवा पोरं हेच करतात. हँडलजवळ पाटी लावा.

उसाकडेचा_पूल
पिशवी पाच मिनिटांत फुगली, पाणी भरपूर. आणि केळीचं म्हणालात ते अगदी खरं. पण गॅस्केट बदललं तरी आत बसलेला गाळ? उरलेले २ मिमी?

प्लँटरूम
गाळासाठी तुरटी. तुमच्या ४३ हजार लिटरला १ किलो पुरते. बादलीत विरघळवून पाण्यावर सगळीकडे ओता. पीएच आधी ७.२ ते ७.६ मध्ये हवा. हँडल रिसर्क्युलेटवर (फिल्टर टाळून) ठेवून पाणी तासभर फिरवा, रात्रभर पंप बंद. सकाळी वेस्टवर ठेवून हळूहळू व्हॅक्यूम करा. फिल्टरवर ठेवून केलंत तर तुरटीचा चिखल वाळूत जाऊन गुठळ्या होतात. पाणी जाईल, भरायची तयारी ठेवा. पीएच उतरतो, नंतर पुन्हा तपासा.

दाबाचा काटा स्वच्छ फिल्टरच्या आकड्यापेक्षा अर्धा किलोने (प्रति चौरस सेंमी) चढला की बॅकवॉश, साइट ग्लासमधलं (व्हॉल्व्हवरच्या पारदर्शक नळीतलं) पाणी स्वच्छ होईपर्यंत दोन-तीन मिनिटं. मग ४५ सेकंद रिन्स (सुलट धुऊन ते पाणी वेस्टला सोडणं). ती कुणी करत नाही, म्हणून बॅकवॉशनंतर पहिला ढग पूलमध्ये सुटतो. वाळू कधी बदलली? बांधकामाची नदीची वाळू भरलेली असेल तर बारीक माती अडणारच नाही. ०.५ ते ०.८ मिमीची क्वार्ट्झ लागते.

२ मिमी म्हणजे ६४ लिटर. त्यात पट्टीची चूकही असू शकते. तरी पंप बंद, पाणी स्थिर असताना सिरिंजने खाण्याचा लाल रंग स्किमरच्या तोंडाच्या कडेला आणि लाइटच्या मागे हळूच सोडा. रेघ आत ओढली गेली तर तिथे पाण्याखाली चालणारी दोन भागांची इपॉक्सी पुटी भरा. त्यासाठी पूल रिकामा करावा लागत नाही.

जूनमध्ये रिकामा तर मुळीच करू नका. पावसात काळ्या जमिनीत पाणी चढलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते.