इंजिनाचा दिवा पेटतो-विझतो. वॉरंटी संपण्याआधी तक्रार कागदावर कशी आणावी?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहतो. बेळगावातून घेतलेली माझी पेट्रोल गाडी ४१,००० किलोमीटर चालली असून तिची तीन वर्षांची वॉरंटी येत्या डिसेंबरात संपते. दोष वॉरंटीच्या काळातच दिसला, पण तो दिसला असे सांगणारा एकही कागद माझ्या हाती नाही, ही माझी खरी अडचण आहे.

ऑगस्टमध्ये मुलीकडून, गोव्यातल्या साखळीहून परतताना, चोर्ला घाट चढून कणकुंबी जवळ आली तेव्हा मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. तो लुकलुकत नव्हता, स्थिर होता. तापमानाचा काटा जागेवर होता, ऑइलचा लाल दिवा बंद होता आणि गाडीच्या ओढीतही फरक जाणवत नव्हता, म्हणून भर पावसात रस्त्यात न थांबता जांबोटीवरून सावकाश घरी आलो. दिवा लुकलुकला असता तर मात्र थांबलो असतो, कारण तेव्हा इंजिन मिसफायर होत असते आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या नळीतला धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तो तापून खराब होऊ शकतो. घरी आल्यावर, झाकण सैल राहिल्याने दिवा लागला असेल म्हणून, टाकीचे झाकण काढून पुन्हा टकटक आवाज येईपर्यंत घट्ट बसवले, पण दिवा तसाच राहिला.

आठवड्याने बेळगावच्या सर्व्हिस सेंटरात गेलो, तोवर तो आपोआप विझला होता. ‘दिवा नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही’ असे ॲडव्हायझर म्हणाले. वास्तविक सलग तीन फेऱ्यांत दोष आढळला नाही तर दिवा विझतो, त्या दोषाचा कोड मात्र गाडीच्या मेमरीत राहतो. मी आग्रह धरल्यावर स्कॅनर लावला, तेव्हा स्क्रीनवर पी०४२० आला. तो मी पेट्रोलच्या पावतीमागे लिहून घेतला. तेवढ्यात मेकॅनिकने बटण दाबून कोड पुसलासुद्धा! दोष आढळला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, याची कोडासोबत साठलेली नोंदही त्याबरोबर गेली. जॉब कार्डावर शब्द दोनच: ‘जनरल चेकअप’.

सप्टेंबरअखेर दिवा पुन्हा लागला. या वेळी सर्व्हिस सेंटरचा सूर बदलला होता: पेट्रोल भेसळीचे असेल, शिवाय मागचा कॅमेरा बाहेरून बसवलेला आहे, त्यामुळे वॉरंटीत बसेलच असे नाही. मागच्या दिव्याच्या वायरीवरून जोडलेल्या कॅमेऱ्याचा सायलेन्सरशी काय संबंध, हे मला उमगलेले नाही. पेट्रोलच्या पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. वॉरंटी नाकारत असाल तर कारण लिहून द्या, असे म्हटल्यावर उत्तर मिळाले, ‘नोडोण री.’ बघू या, बघू या करता करता डिसेंबर उजाडेल.

माझ्या समजुतीप्रमाणे हा कोड म्हणजे कन्व्हर्टरचे काम अपेक्षेपेक्षा कमी होत आहे, एवढेच. दोष खुद्द कन्व्हर्टरमध्ये, त्याच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरमध्ये किंवा एक्झॉस्टच्या एखाद्या गळतीतही असू शकतो. सेन्सर असेल तर मी फारसे ताणणार नाही. पण कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम हे महागडे धातू असल्याने तो स्वतःच्या खिशातून बदलणे माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला परवडणारे नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे की जॉब कार्डावर कोड, किलोमीटर आणि माझी तक्रार माझ्याच शब्दांत लिहून घेण्याचा आग्रह कसा धरावा, आणि वॉरंटीत नोंदलेला दोष मुदतीनंतर दुरुस्त झाला तर खर्च कंपनीकडे राहतो का. वॉरंटी कंपनीची असल्याने कोल्हापूरच्या अधिकृत सेंटरात गाडी नेली तर चालते, असे एका शेजाऱ्यांचे म्हणणे आहे. तसा अनुभव कोणाला आहे का? स्वतःचा ओबीडी रीडर (गाडीतले कोड वाचणारे छोटे यंत्र) लावून फोटो काढून ठेवल्यास पुढे त्यावरूनच हरकत घेतली जाते का, हेही कळवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि १९१५ ही हेल्पलाइनही आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिथवर जाण्याआधी कंपनीला ईमेल करावा असे वाटते, तेव्हा त्यात काय अवश्य असावे तेही सुचवावे.

सोमवारी सकाळी पुन्हा बोलावले आहे. दिवा काल रात्रीपासून पेटलेला आहे. तो तसाच घेऊन जाणार आहे, आणि छापील नोंद हाती येईपर्यंत कोड पुसू देणार नाही की बॅटरीची तारही काढू देणार नाही.