मदत हवी आहे: आईला घरी व्हँकोमायसिनचं सलाईन, थेंबांचा वेग कसा राखायचा?

नमस्कार मंडळी. आईच्या हाडात इन्फेक्शन आहे. डिस्चार्ज मिळालाय, पण व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक घरीच सुरू आहे, सिस्टर येऊन लावतात. परवा सलाईन भराभर सोडलं आणि आईचा चेहरा, मान लालबुंद, अंगभर खाज. लगेच बंद करून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वेगामुळे झालंय, 1 ग्रॅमला किमान 100 मिनिटं हवीतच. दम लागला, ओठ सुजले किंवा चक्कर आली तर मात्र थेट कॅज्युअल्टी गाठायची.

बाटली 250 मिलीची, सेटवर 20 थेंब म्हणजे 1 मिली लिहिलंय. म्हणजे मिनिटाला साधारण 50 थेंब. मी घड्याळ घेऊन मोजते, पण आईने हात हलवला की वेग बदलतो. पुण्यात इन्फ्युजन पंप (सलाईनचा वेग नेमका राखणारं मशीन) भाड्याने कुठे मिळतो? घरी वापरलाय का कुणी?

शिवाय सुईच्या वर शीर दोरीसारखी कडक लागतेय, दुखतेही. सुई बदलायला सांगणारच आहे. लांबचा कोर्स असेल तर पिक लाईन (दंडाच्या शिरेतून हृदयाजवळपर्यंत नेलेली बारीक नळी) बरी असं ऐकलं. ज्यांच्या घरी लावली होती, त्यांनी आंघोळ आणि ड्रेसिंग कसं सांभाळलं ते प्लीज सविस्तर लिहा. क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) दर किती दिवसांनी करायला सांगितलं होतं, तेही.