निफाडचा गारठा
महाबळेश्वर उंचावर असूनही नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा त्याच्याही खाली कसा जातो, असा प्रश्न पडतो. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा कमी दाबाचा पट्टा, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून पुढे सरकला, की उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरतात. रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला. जमीन भराभर निवते आणि जड झालेली थंड हवा गोदाकाठच्या सखल भागात साचते. महाबळेश्वरसारख्या डोंगरमाथ्यावरून ती घरंगळून जाते.

बातम्यांत मात्र महाबळेश्वरच्या वेण्णा लेकच्या गोठलेल्या दवाचेच फोटो! इकडे द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात, फुगवण थांबते. पहाटे बागायतदार ओळींमधून शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. तडकलेला मणी निर्यातीला चालत नाही, आणि वर्षाचं कर्ज त्याच घडांवर असतं.