आजोबांच्या ट्रंकेतला जर्मन 'सिग्नल' : कसा जपायचा?

खटावकर_सातारा :
आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होते. त्यांच्या ट्रंकेत 'सिग्नल' नावाच्या मोठ्या आकाराच्या जर्मन सचित्र नियतकालिकाचा 1943 चा अंक निघाला. सोबत खिशात मावेल असं एक पुस्तक. त्यावर गरुड, त्याच्या पायात स्वस्तिक, आणि 'एच. डीव्ही.' लिहून पुढे आकडा. कागद तपकिरी पडलाय, पिना गंजल्यात. आई म्हणते, चिन्हाची पानं फाडून टाक, घरात नकोत. मी लॅमिनेट करावं म्हणतोय. जाणकारांनी सांगा.

जुना_कागद_पुणे :
लॅमिनेशन करू नका, हात जोडून सांगतो. एकदा गरम होऊन चिकटलेलं प्लास्टिक निघत नाही, आणि लाकडी लगद्याच्या कागदातलं आम्ल आत आपलं काम करतच राहतं. सेलोटेपही नको. पिनेची टोकं पातळ, बोथट पट्टीने हळूच सरळ करा. ओढलीत तर गंजाभोवतीचा कागद तुकडा होऊन हातात येईल. अंक आम्लमुक्त फोल्डरमध्ये आडवा ठेवा, उभा नको. आजोबांची पत्रं असतील तर ती वेगळ्या पाकिटात, कारण आम्ल शेजारच्या कागदात उतरतं. पावसाळ्यात सिलिका जेल, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नसावं.

आता वस्तूंबद्दल. 'सिग्नल' एप्रिल 1940 पासून पंधरवड्याने निघे. छापणारी डॉइचर फेरलाग म्हणजे मूळची उलश्टाइन या ज्यू कुटुंबाची संस्था, नाझींनी 1934 मध्ये बळकावलेली. व्याप्त आणि तटस्थ देशांतल्या वाचकांसाठी वीसहून जास्त भाषांत आवृत्त्या निघायच्या. ऐन भरात खप पंचवीस लाखांच्या घरात होता. कव्हरवर अंकाच्या नंबरापाशी एखादं सुटं अक्षर दिसतंय का पाहा, त्यावरून भाषा कळते. आतले रंगीत फोटो आजही डोळ्यांत भरतात. तुमच्या अंकाच्या वर्षी ऑशविट्झची मृत्युछावणी चालू होती, आणि या चकचकीत पानांवर त्याचा मागमूस नाही. हा अंक जपायचा तो म्हणूनच.

'एच. डीव्ही.' म्हणजे भूदलाची नियमपुस्तिका. हवाई दलाच्या पुस्तिकेवर सुरुवातीला 'एल' असतो. छपाईचं वर्ष आणि अक्षरांचं वळण बघा. टोकदार, काटेरी अक्षरं असतील तर ती फ्राक्टुर. 3 जानेवारी 1941 ला नाझी पक्षातला बडा अधिकारी बोरमान याच्या परिपत्रकाने ही जुनी अक्षरं 'ज्यू अक्षरं' ठरवून बाद केली. म्हणजे ज्या वळणाला आदल्या दिवसापर्यंत अस्सल जर्मन म्हणत होते, तेच. बदल व्हायला मात्र वेळ लागला, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून साल ठरवू नका.

आईंना सांगा, पानं फाडू नका. ते चिन्ह काढलं तर हे पुस्तक कुणाचं, कुणासाठी, हा पुरावाच जातो. जर्मनीतही फौजदारी कायद्याचं कलम 86 अ या चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनाला बंदी करतं, पण संशोधन आणि शिक्षणाला मोकळीक ठेवतं. फ्रेम करून दिवाणखान्यात लावणं मात्र मला मुळीच मान्य नाही. हे बक्षीस म्हणून मिरवायचं नसतं.

तिकिटवाला_मिरज :
याच चिन्हाखाली आपलीही माणसं होती, हे नोंदवतो. सुभाषबाबूंनी जर्मनीत उभारलेल्या भारतीय सैनिकांच्या इंडियन लीजनच्या बाहीवर तिरंग्यावर झेपावणारा वाघ आणि 'फ्राएस इंडिएन' (स्वतंत्र भारत) अशी अक्षरं, आणि छातीवर गरुड. आझाद हिंदची तिकिटं बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापली गेली, पण वापरात कधीच आली नाहीत. त्यातली काही माझ्याकडे आहेत, मूळ डिंकासकट, बिजागरी (अल्बमात तिकीट चिकटवायची कागदी पट्टी) न लावता ठेवली आहेत.

खटावकर_सातारा :
पुस्तकाच्या आतल्या बाजूला आजोबांनी पेन्सिलीने मोडीत काहीतरी लिहिलंय. खोडू का, की आहे तसं ठेवू?

जुना_कागद_पुणे :
अहो, खोडू नका! पेन्सिल शाईसारखी पसरत नाही, तिच्यापासून कागदाला धोका नाही. त्या पानाचा आधी फोटो काढा, आणि तो इथे टाका, मोडी वाचणारे इथे आहेत. स्कॅन करताना पुस्तक पूर्ण उघडून दाबू नका, कणा मोडेल. अर्धवट उघडून वरून फोटो घ्या. आणि पाकिटावर लिहा : कुणाचं, कोणती पलटण, कुठून आणलं. या तीन ओळींशिवाय कुठलंही संग्रहालय हे नीट नोंदवू शकणार नाही.