मुलगी टेक्ससला माझ्याकडे, चाइल्ड सपोर्ट मात्र अजून न्यू जर्सीला जातोय

प्लेनोकर

मंडळी, विषय खाजगी आहे. आपल्या लोकांत यावर कोणी उघड बोलत नाही, म्हणून टोपणनावाआडून विचारतो.

आमचा घटस्फोट न्यू जर्सीत झाला, मिडलसेक्स काउंटीत. मुलीचा ताबा तिच्या आईकडे आणि माझ्याकडून चाइल्ड सपोर्ट, म्हणजे तिच्या खर्चाचे, आठवड्याला २८५ डॉलर, थेट पगारातून. पुढे नोकरीपायी मी टेक्ससला आलो, डॅलसजवळ प्लेनोत. लेक आता पंधरा वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला म्हणून आली आणि "मी परत जाणार नाही" म्हणून बसली. मायलेकींचं बरेच दिवस बिनसलं होतं, त्यात शिरत नाही. सुदैवाने भांडण न होता ठरलं. न्यू जर्सीच्या कोर्टातून कन्सेंट ऑर्डरही (दोघांच्या संमतीने निघालेली ऑर्डर) आली की मुलगी यापुढे बाबाकडे राहील, शाळा इथलीच. पण त्या ऑर्डरमध्ये सपोर्टबद्दल एक अक्षर नाही.

त्यामुळे कपात चालूच आहे. पेरोलवाल्या बाई म्हणतात, बंद करायचा कागद आल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही. सुरुवातीला मुलीची आई ते पैसे झेलवर (बँकेतून थेट पैसे पाठवायचं अॅप) मला परत पाठवायची. आता तिचंही घर बदलायचं चाललंय आणि पैसे यायचे थांबलेत. मागायला गेलं की दहा वर्षांपूर्वीचं सगळं उकरून निघतं, म्हणून मीही गप्प आहे. इकडे ब्रेसेस, मार्चिंग बँडची फी, ट्यूबाचं भाडं (हो, तोंडाने फुंकायचं ते अवाढव्य पितळी वाद्य, ट्यूबाच निवडला तिने, घरात हत्ती पाळल्यासारखं वाटतं), आणि वर ते २८५.

इथला एक वकील म्हणाला, न्यू जर्सीची ऑर्डर टेक्ससमध्ये रजिस्टर करा आणि इथेच बंद करून घ्या. दुसरा म्हणाला, टेक्ससच्या कोर्टाचा याच्याशी संबंधच नाही. कोणाचं ऐकू? आणि ती इकडे आल्यापासून गेलेले पैसे परत मिळतील का?

रारिटनकाठी

मी न्यू जर्सीत फॅमिली लॉच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची कायदेशीर कामातली मदतनीस आहे. वकील नाही, तेव्हा सल्ला म्हणून नको, माहिती म्हणून वाचा.

दुसरा वकील बरोबर. म्हणजे जवळजवळ.

राज्याराज्यांतल्या सपोर्टला यूआयएफएसए, म्हणजे युनिफॉर्म इंटरस्टेट फॅमिली सपोर्ट अॅक्ट लागतो. १९९६ च्या वेल्फेअर सुधारणांनंतर तो सगळ्याच राज्यांना करावा लागला. पैसे देणारा, घेणारी आणि मूल, या तिघांपैकी एक जरी ऑर्डर देणाऱ्या राज्यात राहत असेल, तर ती ऑर्डर बदलायचा अधिकार त्याच राज्याकडे राहतो. मुलीची आई अजून इथे आहे, म्हणजे टेक्ससच्या जजच्या मनात असलं तरी त्याला रक्कम बदलता येणार नाही. रजिस्टर करून घेतील, पण ते वसुलीसाठी. "जवळजवळ" एवढ्यासाठी म्हटलं, की तुम्ही दोघांनी लेखी संमती न्यू जर्सीच्या कोर्टात दाखल केलीत तर टेक्सस ही ऑर्डर आपल्याकडे घेऊ शकतं. पण तुम्हाला ती नुसती बंद करायचीय. त्यासाठी एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

ताब्याचा कायदा वेगळा, यूसीसीजेईए, म्हणजे युनिफॉर्म चाइल्ड कस्टडी ज्युरिस्डिक्शन अँड एन्फोर्समेंट अॅक्ट. कित्येकदा फाइल्स दोन, डॉकेट (कोर्टाचा केस नंबर) एक, आणि लोक धरून चालतात की एक हलली की दुसरी हलेल. तसं होत नाही. मूल कुठे राहतंय हे कोर्टाच्या एका कागदावर लिहिलेलं असतं आणि दुसरा कागद दर आठवड्याला पैसे मोजत राहतो.

आता गेलेल्या पैशांचं. १९८६ पासून फेडरल कायद्यात ब्रॅडली अमेंडमेंट आहे, आमच्याच राज्याचे सिनेटर बिल ब्रॅडली यांच्या नावाने ओळखली जाते. सपोर्टचा हप्ता ज्या दिवशी देय होतो त्याच दिवशी तो कोर्टाच्या निकालाइतका पक्का होतो. जज मागे जाऊन तो पुसू शकत नाही. तुम्ही अर्ज केलात आणि समोरच्या व्यक्तीला त्याची नोटीस गेली, तिथपर्यंतच मागे जाता येतं. म्हणजे त्याआधीचे पैसे कोर्टाकडून मिळतील ही आशा सोडा. ती स्वखुशीने देईल ते खरं. पण त्यानंतरचे वाचतील, म्हणून या आठवड्यात अर्ज करा. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे "टॅक्स सीझन संपला की बघू" म्हणतात.

तिची सही मिळत असेल तर मोशनपेक्षा, म्हणजे कोर्टात एकतर्फी अर्ज करण्यापेक्षा, कन्सेंट ऑर्डर सोपी. त्यात तुमचा एफएम डॉकेट नंबर (घटस्फोटाच्या केसचा), प्रोबेशनकडचा (इथे सपोर्टची वसुली बघणारं कोर्टाचं खातं) सीएस नंबर, म्हणजे सपोर्ट खात्याचा नंबर, सपोर्ट कोणत्या तारखेपासून बंद, बाकी किती (शून्य असेल तर "शून्य" असं लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही) आणि "प्रोबेशनने पगारातली कपात थांबवावी" हे वाक्य जसंच्या तसं हवं. हे वाक्य नसलं की ऑर्डर हातात असूनही पगारातून पैसे जातात. सही मिळत नसेल तर मोशन, सोबत केस इन्फर्मेशन स्टेटमेंट (उत्पन्न-खर्चाचं विवरण), जुनं आणि आजचं दोन्ही. कागद ऑनलाइन देता येतात. सुनावणी लागलीच तर परराज्यातल्या माणसाला फोन किंवा व्हिडिओवरून बोलू द्यायची सोय यूआयएफएसएमध्येच आहे, तेव्हा विमानाच्या तिकिटाचा विचार आत्ता नको.

अटलांटाचा_बंड्या

वरच्या ताईंना अनुमोदन. एक भर घालतो. नोकरी बदलायचा विचार असेल तर सांभाळून.

माझ्या मित्राचं असंच होतं. मुलगा त्याच्याकडे राहायला आला, त्याच सुमारास याने कंपनी बदलली. नव्या पेरोलकडे कपातीचा कागद पोचलेला नाही, याला वाटलं विषय संपला. ऑर्डर जिवंतच होती. बाकी साठत गेली, त्यावर व्याज. २,५०० डॉलरच्या वर बाकी गेली की पासपोर्ट अडतो. वडील आजारी म्हणून सांगलीला जायची वेळ आली आणि रिन्यूअल नाकारलं. मुलगा घरात, त्याच्याच पानात जेवतोय, आणि कागदोपत्री हा मुलाला न पोसणारा बाप.

सडेतोड_नाना

बंद कशाला करताय? उलटा सपोर्ट घ्या तिच्याकडून! इतकी वर्षं तुम्ही भरलात ना?

प्लेनोकर

नाना, तिचा पगार मला माहीत आहे. मला तिच्याकडून काही नको. रात्री फोनवर दोघी आता कुठे पुन्हा हसून बोलायला लागल्यात. ते चालू राहिलं तरी पुष्कळ.

रारिटनकाठी, तुमचं वाचून रात्रीच तिला मेसेज केला. व्हॉट्सअॅपवर "ओके, सही करते" असं उत्तर आलं. एवढं पुरेल का? आणि एक गोष्ट राहिली सांगायची. घर बदलतेय ती न्यू जर्सीतल्या न्यू जर्सीत नाही, पेनसिल्व्हेनियात, अॅलनटाउनच्या बाजूला. त्याने काही फरक पडतो का?

रारिटनकाठी

फरक? अहो, सगळा खेळ त्यावरच आहे! व्हॅन लागायच्या आधी फाइल करा.

ती गेली की न्यू जर्सीत तुम्ही तिघांपैकी कोणीच उरत नाही. मग इथल्या कोर्टाचा बदलायचा अधिकार संपतो (दोघांनी लेखी "न्यू जर्सीच चालेल" म्हटलं तर राहतो, पण पुन्हा सही आलीच). ऑर्डर मात्र चालूच राहते आणि कपातही. बदल ज्याला हवा त्याने समोरच्याच्या राज्यात जायचं, असा नियम आहे. तुम्हाला हवा तर ऑर्डर पेनसिल्व्हेनियात रजिस्टर करून तिथे अर्ज. उद्या तिला काही बदलायचं झालं तर तिला टेक्सस. मग तुम्हाला अॅलनटाउनचा वकील शोधावा लागेल, जो मिडलसेक्सची फाइल पहिल्या पानापासून वाचेल आणि त्याचे तास लावेल. याउलट अर्ज दाखल करताना ती इथे राहत असेल तर तेवढ्याने भागतं. दुसऱ्या दिवशी गेली तरी बिघडत नाही.

व्हॉट्सअॅपचं "ओके" जपून ठेवा, पण त्याने प्रोबेशनचं खातं बंद होत नाही. मसुद्यावर दोघांच्या सह्या आणि खाली जजची.

नानांचं म्हणणं अगदी उडवून लावू नका. सपोर्ट हा आईबापाचा नसून मुलाचा हक्क, असं इथली कोर्टं मानतात. त्यामुळे "मला नको" म्हणून तुम्ही तो कायमचा सोडून देऊ शकत नाही. जज विचारू शकतो की आईचा वाटा काय. "सध्या मुलीचा खर्च वडील करतील, परिस्थिती बदलली तर पुन्हा अर्ज करता येईल" असं शब्दांकन मी अनेक मसुद्यांत पाहिलंय. कॉलेजच्या खर्चाचाही उल्लेख असू द्या. न्यू जर्सीत २०१७ पासून सपोर्ट साधारण एकोणिसाव्या वर्षी आपोआप थांबतो, पण कॉलेजचा खर्च कोर्ट वेगळा बघतं. टेक्ससमध्ये अठरा किंवा हायस्कूल संपेपर्यंत. ती ऑर्डर कोणत्याही राज्यात नेलीत तरी वयाची मर्यादा न्यू जर्सीचीच राहते, हे बऱ्याच वकिलांनाही आठवून द्यावं लागतं.

शार्लटची_शमा

माझी दोन मुलं. मोठा त्याच्या बाबांकडे गेला, धाकटी माझ्याकडे. त्यांनी परस्पर निम्मे पैसे पाठवायला सुरुवात केली. हिशोब तसा होत नाही. एक मूल गेलं म्हणून रक्कम अर्धी होत नाही, दोघांचे पगार धरून पुन्हा गणित मांडावं लागतं, आणि ते मांडेपर्यंत जुनी रक्कम देय असते. तुमची एकुलती आहे, तेवढी कटकट कमी.

टॅक्सचं बघितलंत का? वेगळं काही ठरलं नसेल तर वर्षात जास्त रात्री मूल ज्याच्या घरी झोपलं त्याने ते टॅक्स रिटर्नमध्ये डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून) दाखवायचं. घटस्फोटाच्या ऑर्डरमध्ये "एका वर्षी आई, एका वर्षी बाबा" असं काही असेल तर तेही याच कन्सेंट ऑर्डरमध्ये बदलून घ्या.

प्लेनोकर

तसं आहे खरं, सम-विषम वर्षं वाटून दिलीत. तेही घालतो. मसुदा कालच सुरू केलाय, ती महिनाअखेर निघतेय, त्याआधी सह्या करून पाठवतो. ऑर्डर आली की पेरोलला मीच कॉपी देऊ का?

रारिटनकाठी

द्या, पण त्या बाई तेवढ्यावर थांबवणार नाहीत. त्यांना प्रोबेशनकडून कपात बंद करायची नोटीस लागते. ऑर्डर प्रोबेशनला तुम्ही स्वतःही पाठवा, सीएस नंबर वर ठळक घालून. त्यानंतरही एखादा पगार कापून येईल. बंदच्या तारखेनंतर जे गेलं असेल त्याची पे स्टब (पगाराची पावती) काढून ठेवा आणि ते परत मागा, ते मात्र तुमचं आहे.