मार्चअखेरचा तंबू : गौताळ्याऐवजी येडशी

मार्चअखेरीस मुलांना घेऊन तंबूत राहायचंय आणि लातूर-कळंबच्या नातेवाईकांनाही भेटायचंय, असं तुम्ही म्हणताय. गौताळा अभयारण्य सुंदरच आहे, पण ते पार कन्नडला. पाहुण्यांकडे जाणार कधी? त्यापेक्षा धाराशिवजवळचं येडशी बघा.

तिथलं रामलिंग अभयारण्य छोटंसं आहे, पण बालाघाटाच्या त्या डोंगरात पळस फुललेला असतो, पानगळीमुळे लांबवरचं दिसतं आणि पहाटे मोरांची ओरड सुरू होते. देवळापाशी माकडं फार, पिशव्या सांभाळा. धबधब्याची आशा मात्र पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. २०२४च्या अखेरीस विदर्भातल्या टिपेश्वरचा एक वाघ इथवर चालत आला होता, तेव्हा अंधारात जंगलाकडे भटकणं नकोच. वनखात्याला न विचारता आत तंबू ठोकू नये. ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर उत्तम. ज्वारी निघालेली असते, जागा मोकळी मिळते. चूल मात्र कडब्याच्या गंजीपासून लांब मांडा, एक ठिणगी पुरते.

दुपारी ऊन सोसवत नाही. तेवढ्यात जवळच्या तेर गावाला जाऊन या. गोरोबाकाकांचं मंदिर, विटांचं जुनं त्रिविक्रम मंदिर आणि लामतुरे संग्रहालय. सातवाहनकाळच्या वस्तू मुलांनाही आवडतात, फक्त सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

चैत्र पौर्णिमेच्या आसपास जाणार असाल तर येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा असते. रस्ता तुडुंब भरतो. नातेवाईकांना भेटायला त्या दिवशी निघू नका, आदल्या दिवशीच उरका.